मुलांचे गाणे : कान आधी, गळा मागून

सप्टेंबर १९३८ मध्ये सोलापूरच्या नूतन थिएटरात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला. त्या रात्री वडिलांबरोबर त्यांची थोरली मुलगीही रंगमंचावर बसली होती. तिला नऊ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. तिने खंबावती राग गायिला, पाठोपाठ नाट्यसंगीत म्हटले. मग वडील गायला बसले आणि ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून तेथेच, भर मैफलीत, झोपी गेली. लता मंगेशकर यांनी पुढे ही आठवण मोठ्या कौतुकाने सांगितली आहे. श्रोत्यांसमोर शास्त्रीय गायन करण्याचा त्यांचा हा पहिला प्रसंग सोलापुरातला, याचा अभिमान येथील जुन्या पिढीला अजून वाटतो.

अभिमानापुढे जाऊन एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. खंबावती हा काही शिकवणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येणारा राग नव्हे. मग आठ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात तो आला कोठून? त्याचे उत्तर त्याआधीच्या तीन-चार वर्षांत आहे. लताबाईंनीच सांगितलेली हकिकत अशी, की दीनानाथांचा एक शिष्य पुरिया धनाश्रीचा रियाज करीत बसला होता आणि दीनानाथ काही कामासाठी बाहेर गेले होते. खेळता खेळता ही जेमतेम पाच वर्षांची मुलगी आत आली, ‘तुम्ही चुकता आहात’ असे त्याला म्हणाली आणि ती जागा तिने गाऊन दाखवली. परतलेल्या वडिलांनी ते दाराशी उभे राहून ऐकले. तोपर्यंत त्यांनी तिला एक सूरही शिकवलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला उठवले, आणि शिक्षण सुरू झाले.

म्हणजे शिकवणी सुरू होण्यापूर्वीच कान तयार झालेला होता. लता मंगेशकर ही शतकातून एखादीच होते, हे मान्यच आहे. परंतु कान तयार होण्याची रीत काही तिच्या एकटीची नव्हती. मातृभाषा प्रत्येक मूल याच रीतीने शिकते. वर्ष-दीड वर्ष ते नुसते ऐकते, मग एक शब्द बोलते, चुकीचा बोलते, घरातले सारे हसून तो शब्द पुन्हा बरोबर म्हणतात, आणि व्याकरणाचे पुस्तक हाती येण्याच्या कितीतरी आधी ते मूल घडाघडा बोलू लागते. संगीताच्या बाबतीत आपल्या घरांतून नेमका याच्या उलट क्रम चालतो. घरात गाणे नसते, आणि मुलाला गाण्याच्या क्लासला घातले जाते.

चाटी गल्ली, नवी पेठ, बाळीवेस येथल्या व्यापारी घरांतील दिनक्रम सर्वांना परिचित आहे. सकाळी दर्शन, शाळा, दुपारनंतर गणित-इंग्रजीच्या शिकवण्या, आणि त्यांच्या सांदीत आठवड्यातून दोन वेळा तासभर संगीत. वडील दुकान वाढवून घरी येतात तेव्हा मुलाच्या डोळ्यांत झोप असते. शिक्षकांकडे तासभर ऐकलेले पुढच्या खेपेपर्यंत विरून जाते. तरीही वर्षाकाठी परीक्षा होते, प्रमाणपत्र येते, त्याला चौकट लागते. आणि एखाद्या दशलक्षण पर्वात आरतीच्या वेळी कोणी त्या मुलाला ‘तू म्हण’ असे म्हटले, की ते आईच्या पदराआड जाते. दोन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला रोजच्या ऐकण्यातली आरती सुरात धरता येत नाही. पेटीवर मखमली आच्छादन येते, पुढे ती माळ्यावर जाते. किती घरांत अशा पेट्या असतील, याची खानेसुमारी कोणी केलेली नाही. पण आपल्या नात्यागोत्यात एकही नाही असे म्हणणारा वाचक विरळा.

शुल्क भरले गेले, वेळ दिला गेला, मूल हुशार आहे, शिक्षकही प्रामाणिक आहेत. तरी फळ का येत नाही?

घरातला सूर

जपानमधील शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांचे उदाहरण व्यापारी कुटुंबांना जवळचे वाटावे असे आहे. त्यांच्या वडिलांचा नागोया येथे व्हायोलिन तयार करण्याचा कारखाना होता. घरात आणि कारखान्यात सर्वत्र व्हायोलिने. परंतु लहानग्या सुझुकींच्या लेखी ती एक खेळण्याची वस्तू. तरुणपणी त्यांनी मिशा एल्मन या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकली, तेव्हा या लाकडी डब्यातून असा नाद निघू शकतो हे त्यांना प्रथम उमगले. कारखान्यातले एक व्हायोलिन घरी आणून त्यांनी तबकडी ऐकत ऐकत वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो या गावी त्यांनी लहान मुलांसाठी जी पद्धती उभी केली, तिचा आधार एकच निरीक्षण होते : जपानमधील प्रत्येक मूल जपानी बोलते. एवढी अवघड भाषा जर प्रत्येकाला येते, तर सूर का येऊ नये?

त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी आपल्याकडे सहज आणता येतील. एक, जी रचना पुढे शिकायची आहे तिचे ध्वनिमुद्रण घरात रोज वाजत असले पाहिजे. दुसरी, आधी आई किंवा वडील थोडे वाजवायला शिकतात, मूल ते पाहते, आणि ‘मलाही दे’ असे आपणहून म्हणते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व किती आहे, हे पालकांच्या लवकर ध्यानात येत नाही. ज्या घरात मोठी माणसे कधी गात नाहीत त्या घरातील मुलाला गाणे हा मोठ्यांनी लहानांवर लादलेला आणखी एक अभ्यास वाटतो. आईने स्वयंपाक करताना शिक्षकांनी दिलेला अलंकार दोनदा गुणगुणला, थोडा चुकीचा गुणगुणला तरी चालेल, की मूल तो सुधारून देते. तेव्हा ते शिकलेले असते.

ऐकण्यालाही शिस्त हवी. दिवसभर काहीतरी वाजत ठेवणे म्हणजे ऐकणे नव्हे. त्याने कान बधिर होतो. महिनाभरासाठी एकच रागाची एकच बंदिश निवडावी, शिक्षकांना विचारूनच निवडावी. सकाळी मुले तयार होत असताना ती मंद आवाजात एकदा लावावी आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. ‘ऐक, लक्ष दे’ असे म्हणू नये. पंधरा दिवसांत मूल नकळत ती म्हणू लागते. मग शिक्षकांनी ती शिकवायला घेतली, म्हणजे मुलाला नवी वस्तू समोर आल्याचे भय वाटत नाही. ओळखीचे कोणी घरी आल्यासारखे वाटते.

तंबोऱ्याचा सूर ही याहूनही मोलाची गोष्ट. मिरजेच्या तंबोऱ्यांची कीर्ती सर्वदूर आहे. त्यांना लागणारे भोपळे पंढरपूर परिसरात भीमेच्या काठी पिकतात, म्हणजे त्या कीर्तीत आपल्या जिल्ह्याच्या मातीचाही वाटा आहे. खरा तंबोरा प्रत्येक घरी आणणे शक्य नाही आणि आरंभी आवश्यकही नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याचे ॲप पुरेसे आहे. रोज पाच मिनिटे मुलाने त्यासमोर डोळे मिटून केवळ ‘सा’ लावावा. अनेक घरांत पेटीवर बोट ठेवून मूल गाते आणि ते सुरात आहे असे सर्वांना वाटते. वस्तुतः ते पेटीच्या मागे चालत असते. पेटी हा पांगुळगाडा आहे. चालायला शिकवताना तो द्यावा आणि वेळीच काढून घ्यावा. सूर दाखवण्यासाठी पेटी वाजवावी, मूल गाताना हात उचलावा, त्याचे संपल्यावर पुन्हा वाजवून दाखवावे. मूल कोठे घसरले ते त्याचे त्यालाच कळते, आणि ‘चुकलास’ हा शब्द उच्चारावाच लागत नाही.

सहा दोष

गायनशिक्षणाचा विचार आपल्या परंपरेत पूर्वापार आहे. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ साधारण तेराव्या शतकातला. वाचनाचार्य सुधाकलश यांचा ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ १३५० चा. दोघेही जैन ग्रंथकार. त्यांच्याही कितीतरी आधीच्या स्थानांग आणि अनुयोगद्वार या श्वेतांबर आगमसूत्रांत सप्तस्वरांचे प्रकरण आहे. कोणता स्वर कोणत्या पशुपक्ष्याच्या कंठात आहे, हे तेथे सांगितले आहे : मोराचा षड्ज, कोंबड्याचा ऋषभ, हंसाचा गांधार, वसंतातल्या कोकिळेचा पंचम. सहा-सात वर्षांच्या मुलांना स्वरांची नावे शिकवण्यासाठी यापेक्षा चांगला खेळ आजच्या शिक्षणशास्त्रालाही सुचलेला नाही.

त्याच प्रकरणात गीताचे सहा दोष मोजलेले आहेत : भिऊन गाणे, घाईने गाणे, दबक्या आखूड स्वरात गाणे, ताल सोडून गाणे, कावळ्यासारख्या कर्कश स्वरात गाणे आणि नाकात गाणे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बेसूर होणे पहिल्या क्रमांकावर नाही; पहिल्या क्रमांकावर भय आहे.

हे भय मुलाच्या मनात घालतो कोण? बहुधा आपणच. पाहुणे आले की चहाबरोबर मुलाचे गाणे हवे असते. मूल नको म्हणते, आई डोळे वटारते, काका भ्रमणध्वनी रोखून चित्रण करू लागतात. मुलाचा स्वर थरथरतो, कोणीतरी हसते; हसण्यात दुष्टावा नसतो, पण मुलाला ते ठाऊक नसते. अशा दोन प्रसंगांनी जे नुकसान होते ते भरून काढायला शिक्षकांना वर्ष लागते. ज्या घराला मुलाने खरोखर गावे असे वाटते, त्या घराने पहिले वर्षभर पाहुण्यांसमोर गाण्याचा आग्रह करू नये. त्याऐवजी रोज रात्री घरची आरती सर्वांनी मिळून म्हणावी. समूहात मुलाचा स्वर झाकला जातो, चूक पोटात घातली जाते, आणि हळूहळू तोच स्वर वर येऊ लागतो. सहा महिन्यांनी आजोबा नुसते थांबतात आणि पुढची ओळ मूल एकटेच म्हणते; त्याला ते कळतही नाही.

दुसरा दोष घाईचा. त्याचे मूळ मुलाच्या स्वभावात कमी आणि घरच्या हिशेबात अधिक असते. ‘किती राग झाले?’ हा प्रश्न पालक शिक्षकांना विचारतात, तेव्हा शिक्षकही राग मोजू लागतात. भूपासारखा पाच स्वरांचा सोपा राग. त्याच्या सा रे ग प ध एवढ्या स्वरांत मुलाला सहा महिने आनंदाने खेळता येते. सा रे ग, रे ग प, ग प ध, प ध सा असे पलटे चढून उतरणे, शिक्षकांनी तीन स्वर म्हणावे आणि मुलाने ते ओळखावे, मुलाने दोन स्वरांचे कोडे घालावे आणि शिक्षकांनी मुद्दाम चुकावे. या खेळांतून जी पक्की बैठक तयार होते ती पंधरा राग उरकून होत नाही. भांडवल गुंतवून दुसऱ्या दिवशी नफा मागणारा व्यापारी पेढीवर टिकत नाही, हे ज्यांना उमजते त्यांनी मुलाच्या गळ्याबाबत ते विसरावे, हे आश्चर्यच.

दबका स्वर आणि कर्कश स्वर हे दोन दोष पुष्कळदा मुलाचे नसतातच. ते पट्टीचे असतात. पुरुष शिक्षकांची पट्टी साधारणतः पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असते. मुलांचा नैसर्गिक आवाज त्याहून बराच वरचा, बहुतेकांचा काळी चार-पाचच्या जवळपास. शिक्षकांच्या पट्टीत गाताना मूल खाली दबते. कोणी हौसेने फार वरची पट्टी दिली की ओरडते. परीक्षा सोपी आहे. मूल खेळताना आपणहून ज्या सुरात आरती किंवा बालगीत सुरू करते, तो सूर पेटीवर शोधावा आणि वहीत लिहून ठेवावा. मध्य षड्ज कुजबुजल्यासारखा येत असेल तर पट्टी खालची आहे. तार षड्जाला मानेच्या शिरा ताणल्या जात असतील तर वरची. एकाच वर्गात आठ-दहा मुले असतील तर प्रत्येकाची पट्टी सांभाळणे शिक्षकांना अवघड जाते, हे खरे. तथापि घरच्या रियाजात तरी मुलाने आपल्या पट्टीतच गावे, एवढे पालकांनी पाहावे.

नाकात गाण्याची सवय बहुधा चित्रपटगीतांच्या अनुकरणातून लागते. तोंड मोकळे उघडून आकार लावण्याने ती जाते. त्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही.

तालाचे मात्र निराळे. ताल हा पुस्तकातून शिकवू नये, शरीरातून शिकवावा. मंदिरात म्हटली जाणारी आरती मुलाला पाठ असतेच. ती म्हणताना सर्वजण टाळ्या वाजवतात त्या कोठे पडतात, हे मुलाला शोधायला लावावे. बहुतेक आरत्या आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात बसतात. मात्रा मोजून त्याने तालाचे नाव ओळखले की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. नंतर सोळा मात्रांचा तीनताल घ्यावा : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा करून खाली. जिन्याच्या पायऱ्या चढताना, दुकानाच्या वाटेवर चालताना पावलांवर मात्रा मोजता येतात. तोंडाने बोल म्हणण्याचा, म्हणजे पढंतीचा, सराव झाल्यावाचून तबल्याला हात लावू नये, असा जुन्या तबलजींचा दंडक होता आणि तो योग्यच होता. भक्तामर स्तोत्र पाठ असलेल्या मुलांना येथे एक मोठा लाभ मिळतो. वसंततिलका वृत्ताच्या चौदा अक्षरांच्या ओळी म्हणून म्हणून लघु-गुरूचे भान त्यांच्या जिभेवर आधीच असते. पाठशाळेचे शिक्षक आणि संगीताचे शिक्षक एकमेकांशी बोलले, तर किती श्रम वाचतील!

वाद्य, वेळ आणि शिक्षक

तबल्याचा विषय निघाला की अनेक जैन कुटुंबांत चामड्याचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तबल्याच्या पुड्या आणि वाद्या चामड्याच्या असतात; पेटीच्या भात्यातही चामड्याचे तुकडे वापरले जातात; सतारीची घोडी हाडाची किंवा शिंगाची असते. ज्यांना हे घरात नको आहे त्यांनी मुलाला संगीतापासून दूर ठेवण्याची गरज नाही. कंठसंगीताला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि तबला पुरतो. कृत्रिम पुडीचा तबला मिळतो. त्याचा नाद तेवढा गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. सतार घेताना लाकडी वा कृत्रिम घोडी मागून घेता येते. बासरीला तर काहीच अडचण नाही. वाद्य विकत घेण्याआधी कारागिराला प्रत्येक भाग कशाचा आहे ते विचारावे. चांगला कारागीर न रागावता सांगतो. वाद्य लहान मुलाच्या हाताला झेपणारे असावे, ‘पुढे मोठा झाल्यावरही चालेल’ म्हणून कपड्यासारखे वाढत्या मापाचे घेऊ नये.

वेळेचा हिशेब सामायिकाच्या मापाने करावा. सामायिक ४८ मिनिटांचे, म्हणजे दोन घटिकांचे. सहा ते आठ वर्षांच्या मुलासाठी त्याचा चौथा हिस्सा, बारा मिनिटे, भरपूर झाली. दहा वर्षांनंतर निम्मा. पण रोज. रविवारी दोन तास आणि सोमवार ते शनिवार शून्य, हा क्रम रोजमेळ महिनाअखेरीस एकदम लिहिण्यासारखा आहे. सही असते, आठवण नसते. बारा मिनिटांतील पाच सुराला, पाच पलट्यांना, आणि दोन मिनिटे मुलाला जे आवडेल ते. ही शेवटची दोन मिनिटे कापू नयेत. परीक्षेच्या दिवसांत, लग्नसराईत, दुकानाच्या दिवाळीच्या धांदलीत बाराची पाच मिनिटे करावीत, शून्य करू नयेत. रियाज सकाळीच व्हावा असा आग्रह जुन्या घरांत असतो. तो उत्तमच, परंतु साडेसहाची शाळा असलेल्या मुलाला पाच वाजता उठवून बेसूर रडवण्यापेक्षा संध्याकाळची वेळ बरी.

शिक्षक निवडताना त्यांची पदवी आणि शुल्क विचारले जाते. त्याऐवजी एकदा वर्गात मागे शांत बसावे. वर्गात शिक्षक स्वतः गातात, की केवळ पेटी वाजवून वहीत लिहून देतात? तासाभरात प्रत्येक मूल निदान एकदा एकटे गाते काय? चूक झाल्यावर शिक्षक बोलून सांगतात, की पुन्हा गाऊन दाखवतात? या तीन गोष्टी ठीक असतील तर प्रमाणपत्रांची चौकशी न केली तरी चालते. आणि एकदा निवडल्यावर दोन वर्षे शिक्षक बदलू नयेत. शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी गुरू बदलणारी घरे आहेत. तेथील मुले दर वेळी पुन्हा ‘सा’पासून आरंभ करतात.

परीक्षांविषयी दोन शब्द. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गाणे शिकण्यासाठी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबण्याखेरीज दुसरा मार्ग फारसा नव्हता. वर्ग, ठरलेला क्रम, छापील पुस्तके यांमुळे सामान्य घरातल्या मुलामुलींना ते दार उघडले. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आज आपली मुले देतात. हे उपकार थोर आहेत. दहावीला शास्त्रीय संगीतासाठी अतिरिक्त गुण मिळू लागल्यापासून मात्र परीक्षा पुढे आणि गाणे मागे असा प्रकार वाढला. परीक्षा अवश्य द्यावी. पण लागोपाठच्या सत्रांना बसवू नये. एका परीक्षेनंतर निदान सहा महिने मुलाने अभ्यासक्रमाबाहेरचे, स्वतःच्या आवडीचे गावे.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. बारा-चौदाच्या सुमारास आवाज फुटतो. कालपर्यंत गोड गाणारा मुलगा एकाएकी घोगरा होतो, सूर निसटतात, आणि तो लाजून गाणे सोडतो. घरचेही ‘आता अभ्यासाकडे लक्ष दे’ म्हणून मोकळे होतात. हा काळ सरतो. तोपर्यंत त्याला ताण देऊन गायला लावू नये. खालच्या पट्टीत, मोजकेच गाऊ द्यावे, ऐकू द्यावे, तबला किंवा बासरी हाती द्यावी. वर्ष-दोन वर्षांनी जो आवाज स्थिरावतो तो त्याचा जन्माचा आवाज असतो.

आजीची वही

मुलांना पहिले गाणे कोणते शिकवावे, याचे उत्तर हंगेरीचे संगीतज्ञ झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) यांनी आपल्या देशापुरते दिले होते : ज्या भाषेत आई बोलते त्या भाषेतील, घरात चालत आलेले. आपल्याकडे त्यासाठी दूर जावे लागत नाही. भूधरदास, द्यानतराय, दौलतराम यांच्या पदांच्या जुन्या पोथ्यांत पदाच्या माथ्यावर रागाचे नाव छापलेले असते. मराठीतही ब्रह्म महतीसागरांची परंपरा आहे, ज्यांचे नाव आपल्याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या दहिगाव क्षेत्राशी जोडलेले आहे. शब्द छापील आहेत, ते राहतील. चाली मात्र छापलेल्या नाहीत. त्या आजीच्या, पणजीच्या गळ्यात आहेत. एकेका गावच्या मंदिराची, एकेका माहेरची चाल निराळी. पर्वकाळात ध्वनिवर्धकावर तयार गीते वाजू लागल्यापासून त्या म्हणायला सांगणारे कोणी उरले नाही, आणि ज्यांना त्या येतात त्यांची वये आता ऐंशीच्या घरात आहेत.

सुटीच्या दिवसांत मुलाला आजीजवळ बसवावे. आजीला स्वरांची नावे ठाऊक नसतात, तिचा श्वास पुरत नाही, मधूनच ती ओळ विसरते. हरकत नाही. एक पद आठवडाभर रोज म्हणावे. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे आणि सोबत वहीत मुलाच्या हस्ताक्षरात लिहावे : पद कोणाचे, पोथीत राग कोणता दिला आहे, आजी ते कोणाकडून शिकली, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हटले जाई. मग ती चाल मुलाने शिक्षकांना ऐकवावी आणि दोघांनी मिळून तिचे स्वर लिहून काढावे. पोथीतला राग आणि आजीची चाल पुष्कळदा जुळत नाहीत. शिक्षक म्हणतील, हा काफी नव्हे, येथे तर शुद्ध गांधार लागतो आहे. आजी म्हणेल, आमच्याकडे असेच म्हणतात. मुलाने दोन्ही लिहून ठेवावे.